आधण येईपर्यंत

"बरं मग, येतो," असं म्हणून दादानं फोन ठेवला आणि मी चष्म्याच्या दुकानात रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. समोर एक गृहस्थ चष्मा नाकावरून घसरतो म्हणून मान वर करून बसले होते. त्यांच्या नाकाकडे बघत मी विचार करत होते, की येतो म्हणजे नक्की काय? कुठे येतो? का नुसतंच येतो?

तुम्ही म्हणाल, यात न कळण्यासारखं काय आहे. सांगते. घरातून निघताना आपण कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आमच्याकडे चुकून कुणी 'जातो' म्हटलं तर आई त्याला दारातून मागे बोलवायची आणि नीट म्हणायला लावायची. म्हणजे निरोपाचा 'येतो' हा एक झाला. दुसरा खरोखरचा, पाय उचलून येण्याचा. आणि तिसरा दादाच्या धंद्यातला. दादानं जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. गिऱ्हाईक फोनवर कितीही कावलेलं असो, हा शांतपणे 'येतो' म्हणायचा, आणि बिचाऱ्या बायका अर्धवट शिवलेले कपडे मांडीवर घेऊन दोन-दोन दिवस दाराकडे डोळे लावून बसायच्या. तो 'येतो' म्हणजे फोन ठेवायची एक तऱ्हा होती, बाकी काही नाही.

आता यातला कुठला? आणि मला तो कळायलाच हवा होता, कारण उद्या सकाळच्या गाडीनं दादा लेकीकडे राहायला निघाला होता. कायमचा. त्याच्या दुकानाला कुलूप लावून झालं होतं. हा निरोपाचा 'येतो' असेल तर संपलंच सगळं, फोनवरच आटोपलं. आणि चहाला येतो असेल, तर मला घरी जाऊन आधण ठेवायला पाहिजे होतं.

फोनवर तो धड काही बोललाही नव्हता. त्याचा बारका पेचकस माझ्याकडे राहिलाय का, एवढंच विचारलं. पेचकस कसला राहतोय? तो त्यानंच मला दिलाय, मी दुकानात लागले तेव्हा. रोज चष्म्यांच्या दांड्या त्यानंच आवळते मी. हे त्याला पक्कं ठाऊक. मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, बघ. आणि मग ते, बरं मग येतो.

उलटा फोन लावून विचारता आलं असतं, मान्य आहे. पण कशाला विचारू? गेले कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

ते सांगायचं तर आधी आमच्या चहाचं सांगायला हवं. आईच्या वेळेपासून आमच्या घरात चहाचा एक नियम आहे. संध्याकाळी सगळे कावून घरी यायचे. वडील साहेबावर चिडलेले, दादा शाळेतल्या कुणावर, मी दादावर. आई पातेल्यात पाणी ठेवायची आणि म्हणायची, आधण येईपर्यंत काय ते बोलून घ्या. मग जो कलकलाट व्हायचा तो ऐकण्यासारखा असायचा. पाणी उकळलं की ती डब्याचं झाकण उघडायची, आणि पूड पडली की विषय बंद. गॅस बंद, पातेल्यावर झाकण, चहा मुरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. दूध वेगळं गरम, शेवटी घालायचं. त्या मुरण्याच्या वेळात काय व्हायचं कोण जाणे, पण कप हातात येईपर्यंत साहेबही परवडायचा आणि दादाही.

आई गेली, वडील गेले, दादाची बायकोही गेली, मी तर एकटीच राहिलेली. तरी नियम चालू होता. दादा दुकान बंद करून माझ्याकडे यायचा, ओट्याला टेकून उभा राहायचा, आणि आधण येईपर्यंत मी बडबडायची. कुणाला चौकोनी फ्रेममध्ये म्हातारी दिसते म्हणून राग, कुणी चष्म्यावर बसलं आणि म्हणे काच आपोआप फुटली. दादा त्याचं एखादं सांगायचा, मशीनमध्ये तेलाऐवजी खोबरेल घालणाऱ्या बाईचं वगैरे. मग पूड पडायची. मग आम्ही गप्प. दिवसभराचा सगळा वैताग त्या झाकणाखाली जाऊन बसायचा, आणि पहिला घोट घेतला की मी माणसात यायची. दादा मला त्याच्या दुकानापेक्षा त्या चहामुळे जास्त ठाऊक होता.

आणि हा दादा, हा माझा सख्खा भाऊ, लेकीकडे कायमचा चाललाय हे मला कुणाकडून कळावं? त्याच्या शेजारणीकडून. ती दुहेरी काचेचा चष्मा न्यायला आली आणि आरशात बघता बघता म्हणाली, आता तुम्हाला अगदी एकटं वाटेल, नाही का? मी म्हटलं, का बरं? तिनं सांगितलं. मी तोंडावरची रेषाही हलू दिली नाही, हो ना, म्हटलं, आणि तिचा चष्मा चुकीच्या डबीत घालून दिला.

त्या संध्याकाळी दादा आला. मी पाणी ठेवलं आणि सरळ विचारलं, तू चाललायस? तो खिडकीकडे बघत बसला. मला कधी सांगणार होतास? गाडीत बसल्यावर? तरी मूग गिळून बसलेला. मी तापत होते, पाणीही तापत होतं, आणि पातेल्याच्या तळाशी नुसते बुडबुडे धरायला लागले होते, उकळीचा पत्ता नव्हता, तेवढ्यात या गृहस्थानं माझ्या हातातला डबा घेतला आणि पूड टाकून मोकळा झाला.

म्हणजे विषय बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, जरा लवकर पूड टाकली. पण आमच्या घरात याच्याहून वाईट वागता येत नाही. मी अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि म्हटलं, उद्यापासून चहाला येऊ नकोस. आणि तो शहाणा खरंच आला नाही. एवढं ऐकणारा तो कधीपासून झाला, हेही मला कळलेलं नाही.

तेव्हापासून माझा चहा बिघडला. म्हणजे बिघडला असं मला वाटलं. रोज करत होते तसाच करत होते, पण पिऊन डोकं जागेवर येईना. पूड बदलली. दूध बदललं. वाण्याशी भांडून आले, की तुम्ही मला जुना माल देता. तो बिचारा म्हणाला, ताई, तुम्ही नेता त्याच पोत्यातला मी घरी पितो. पातेल्याची दांडी पण तेवढ्यात सैल झाली, उचललं की डुगडुगायची, आणि ती आवळायची दादाची सवय असल्यामुळे मला सुचलंच नाही की पेचकस माझ्या पर्समध्येच आहे.

तर असं सगळं असताना फोनवर हा 'येतो'. मी रिसीव्हर ठेवला आणि मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला विचारलं. त्याला सगळे भिंगरी म्हणतात, एक तर भिंगं बनवतो म्हणून आणि दुसरं म्हणजे साधं काही विचारलं तरी गोल गोल फिरवतो म्हणून. त्यानं यंत्र बंद केलं, हात पुसले, आणि विचारलं, 'येतो'मधला 'तो' लांबवला होता का तोडला होता? लांबवला असेल तर निरोपाचा. तोडला असेल तर माणूस येणार. मला आठवेना. त्यानं मला म्हणून दाखवायला लावलं. मी लांबवून म्हटलं, तोडून म्हटलं, मग दोन्ही सारखेच वाटायला लागले. शेवटी ते घसरत्या चष्म्याचे गृहस्थ, ज्यांना मी साफ विसरले होते, मान वर ठेवूनच म्हणाले, "मला वाटतं बाई, ते निघाले."

त्यांना कुणी विचारलं होतं? मी त्यांच्या दांड्या जरा जास्तच आवळल्या. जाताना कान चोळत गेले. मालकांना सांगून मी लवकर निघाले, आणि मालक काय पुटपुटले ते ऐकायला थांबले नाही.

घरी येऊन पातेलं काढलं आणि तिथंच घोडं अडलं. पाणी किती ठेवायचं? आमच्याकडे पाणी कपानं मोजून घालतात. एक कप ठेवला आणि तो आला, तर म्हणेल, माझी वाटच बघत नव्हतीस. दोन ठेवले आणि तो नाही आला, तर दुसऱ्या कपाचं मी काय करू? मी दोन ठेवले. मग एक काढला. मग पुन्हा घातला. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटत होतं.

आधण आलं, दादा आला नाही. जिन्यात पाय वाजले की कान टवकारायची, आणि पाय वर निघून जायचे. आता त्याला फोन लावून बघितला. वाजून वाजून बंद झाला. त्यात नवल नाही, दादा मोबाईल हत्यारांच्या पिशवीत तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवतो. शेवटी पूड टाकली, चहा केला, दोन कप भरले, माझा प्यायले. त्याच्या कपावर साय धरली. ती बघितली आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग नक्की कुणाचा आला तेही कळेना.

मग मनात आलं, निरोपाचाच 'येतो' होता तो. फोनवर सांगून मोकळा झाला. ठीक आहे. पण मी नाही त्याला असं सोडणार. मी नव्यानं चहा केला, दोन कपांचा, थर्मासमध्ये भरला, आणि मागच्या गल्लीतून तडक त्याचं घर गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बहुतेक भांडायचं होतं. पण चहा घेऊन भांडायला निघालेली बाई मी पहिलीच असेन.

दाराला कुलूप.

मी कुलपाकडे बघत उभी. शेजारीण बाहेर आली, तीच, नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत.

"ते तर गेले ना," ती म्हणाली.

गेले म्हणजे काय, बाई? उद्या जाणार होता ना तो? मी विचारलं तर ती म्हणाली, ते मला काय ठाऊक, पिशवी घेऊन गेले, दाराला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, येतो. मी म्हटलं, कुठला येतो? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच आता तिच्यासमोर चष्म्याचा नंबर काढायला बसलेय. मग आवाज खाली करून म्हणाली, ताई, तुम्ही जरा बसा, पाणी देऊ का? मला पाणी नको होतं. आयुष्यात यापुढे कुणी मला पाणी, आधण, चहा यांतलं काही विचारू नये असं वाटत होतं.

परत येताना मोठ्या रस्त्यानं आले. थर्मास काखेत. एक दिवस आधीच गेला, मनात म्हटलं. गाडी बदलली असेल. लेकीनं लवकर बोलावलं असेल. का मला चुकवायला? चुकवायचं तर फोन कशाला केला? पेचकसाचं कशाला विचारलं? एक विचार धरला की दुसरा सुटायचा, कशाचा शेंडा बुडखा लागेना. एका दुकानाच्या काचेत मी दिसले, थर्मास घेतलेली, ओठ हलवत चाललेली. शेजारणीचं काही चुकलं नव्हतं.

जिना चढले, आणि माझ्या दाराशी दादाच्या चपला.

डावी चप्पल नेहमीसारखी आडवी पडलेली. दार नुसतं लोटलेलं. त्याच्याकडे माझी किल्ली आहे हे मी साफ विसरले होते. आत गेले तर दादा ओट्यापाशी पाठमोरा उभा, गॅसवर पातेलं, आणि बाजूला पाण्याचा तांब्या. त्यानं मागे वळून न बघता विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, तुझ्याकडे. तो म्हणाला, मी तर इकडे. बाजारातून आलो, तुझी ती पूड घेत. मी म्हटलं, मी मागच्या गल्लीतून गेले. झालं.

मग मी पातेल्याकडे बघितलं. पाणी चार कपांचं तरी होतं, काठापर्यंत आलेलं. कुणाकुणाला बोलावलंयस, मी विचारलं. तळाशी बुडबुडे धरले, आता उकळी फुटणार, तेवढ्यात दादानं तांब्यातलं गार पाणी थोडंसं त्यात ओतलं. बुडबुडे विरले. मग मला कळलं. मी नव्हते तेव्हापासून तो हेच करत उभा होता.

"आधण येऊ दिलं नाही," तो म्हणाला. "तुझं बोलून व्हायचंय ना, ठमे."

पन्नाशी उलटली माझी, तरी मी ठमेच.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, काही फार वाईट होतं. शेजारणीकडून कळलं ते बोलले, अर्धवट तापलेल्या पाण्यात पूड टाकली ते बोलले, लहानपणी माझ्या बाहुलीचा पाय मशीनला जोडला होता तेही काढलं. पाणी गरम व्हायला लागलं की तो थोडं गार घालायचा, आणि मी पुढे चालू. पातेलं भरून वाहायची वेळ आली तेव्हा त्यानं थोडं पाणी सिंकमध्ये काढलं आणि पुन्हा तेच. एकदाही मला थांब म्हणाला नाही. मीच थांबले, श्वास घ्यायला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तो तांब्यात बघत राहिला. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू जाऊ नको म्हणाली असतीस. आणि मी गेलो नसतो. मग तिचं काय?"

तिचं म्हणजे त्याच्या लेकीचं. एकटी पोर, कडेवर तान्हं मूल, आणि पुढल्या आठवड्यात कामावर रुजू व्हायचंय. हे मला ठाऊक होतं. मीच तिच्यासाठी दुपटी शिवली होती, त्याच्याच दुकानातल्या मशीनवर. आता कुणावर रागवायचं? दादावर रागवायचा हक्क मी इतके दिवस जपून ठेवला होता, आणि तो वापरायची वेळ आली तर हातात काहीच नाही. मला वाईट वाटत होतं, बरंही वाटत होतं, आणि भूकही लागली होती. हे सगळं एकदम कसं वाटू शकतं?

"आणि फोनवर येतो म्हणालास तो कुठला येतो?"

त्यानं थोडा विचार केला. "मलाच कळलं नाही बघ. तोंडातून गेलं. मग वाटलं, म्हटलंय तर यायला पाहिजे."

जन्मभर बायकांना ताटकळत ठेवणारा माणूस हा. मला हसू आलं, आणि ते लपवायला मी पुढे होऊन गॅस मोठा केला.

पाणी जरा कमी केलं. आधण आलं. डबा मी त्याच्या हातात दिला नाही, माझ्या हातानं पूड टाकली, गॅस बंद केला, झाकण ठेवलं. मुरेपर्यंत कुणी बोललं नाही. दादानं माझी पर्स उघडून पेचकस काढला आणि पातेलं रिकामं व्हायची वाट बघत तो बोटात फिरवत राहिला. मी दूध गरम केलं, चहा गाळला, कप भरले. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. चहा चांगला झाला होता. त्यात काही वेगळं नव्हतं. तोच वाणी, तेच पोतं. थर्मासमधला चहा आम्ही दोघांनीही विचारात घेतला नाही, तो तसाच कोपऱ्यात राहिला.

कप धुवून झाले. दादानं पातेल्याची दांडी आवळली, हलवून बघितली, आणखी एक वळसा दिला. मग पेचकस पुसून परत माझ्या पर्समध्ये ठेवला.

दारात त्यानं चपला घातल्या. डावी सरळ करायला वाकला, तेव्हा गुडघ्यावर हात ठेवावा लागला त्याला. उठून उभा राहिला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मला दिसत होतं काय झालंय ते. येतो म्हणावं तर मी आत्ताच त्याला त्यावरून फैलावर घेतलेलं, आणि एवढ्या लांब निघालेला माणूस येतो कुठल्या तोंडानं म्हणणार. जातो म्हणावं तर आईनं ते कधी म्हणू दिलं नाही. तसाच उभा राहिला उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर.

"ये," मीच म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि जिना उतरायला लागला. त्याचे पाय खालपर्यंत ऐकू येत होते. मग मी दार लावून घेतलं.